जातं, विडीचं सूप आणि तालीम : सीमाभागातल्या मन मोकळं करण्याच्या जागा

मैत्रिणीजवळ मन मोकळं करायला बेळगाव-खानापूरकडच्या बायकांना वेगळा वेळ कधी मिळालाच नाही. त्यांनी तो कामातच काढला. पहाटे जात्यावर दोघी समोरासमोर बसायच्या, एकाच खुंट्याला दोघींचे हात. अंधारात तोंड नीट दिसत नसे. सासरचा जाच, माहेरची ओढ, गेलेलं मूल हे ओवीत घालून म्हटलं की कुणाच्या नावावर लागतही नसे. ऐकणारी सल्ला देत नसे. ती पुढची ओवी उचलायची, नाहीतर त्याच लयीत नुसता खुंटा ओढत राहायची. महाराष्ट्राच्या बाजूला हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या अभ्यासकांनी अशा लाखभर ओव्या गोळा करून ठेवल्या आहेत.

१ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, त्यातला चंदगड तालुका कोल्हापूरला जोडला गेला. सोयरिकी काही त्या रेषेपाशी अडल्या नाहीत. पंचमीला लेकी माहेरी येत राहिल्या, आणि वर्षभराचं साठलेलं झोक्याखाली निघत राहिलं.

पुढे पिठाच्या गिरण्या आल्या. हात सुटले ते बरंच झालं, पण बोलणं दुसरीकडे सरकलं. निपाणीत ते विड्यांकडे गेलं. मांडीवर सूप, ओलसर तेंदूचं पान कात्रीनं कापायचं, जर्दा भरून वळायचं, दोरा गुंडाळायचा. नजर पानावर असते, म्हणून शेजारणीला नवऱ्याच्या दारूचं सांगणं जमतं.

पुरुषांकडे तालीम होती, पार होता, चहाचं हॉटेल होतं. तिथं सीमाप्रश्न, उसाचा दर, निवडणूक सगळं चालायचं. घरचं दुखणं काढलं की मात्र ‘बाईसारखा काय रडतोस’ ठरलेलं. माझ्या मते इथली खरी पोकळी हीच, आणि ती जुनी आहे.

बोलणाऱ्याला तोलू नका, उपायाची घाई करू नका, शब्दांमागची भावना पकडा, हे कार्ल रॉजर्स आणि रिचर्ड फार्सन या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत १९५७ मध्ये शास्त्र म्हणून मांडलं. जात्यावरच्या बाईला ते सांगावं लागलं नसतं. तालमीतल्या गड्याला अजून सांगावं लागतं. २०२२ पासून मनाच्या दुखण्यासाठी सरकारच्या टेली मानस या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, फुकट आणि चोवीस तास. तो जवळ असावाच. फक्त दोस्त बोलायला लागला की पहिल्याच वाक्याला तो पुढे करू नये; आधी ‘सांग की रे’ म्हणून चहा मागवावा.