सोमवारी सकाळी साडेसहा

20 मे 2019, सोमवार. नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागायला अजून पाच दिवस होते, तरी नागपुरात रात्रीसुद्धा कूलर बंद करायची सोय उरली नव्हती. त्रिमूर्तीनगरातल्या एका मित्राच्या दोन खोल्यांत आम्ही सात जण सहा वाजताच जमलो होतो. चहा झालेला, पोह्यांना फोडणी पडलेली. साडेसहाला ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या अमेरिकी मालिकेचा शेवटचा भाग हॉटस्टारवर येणार होता. अमेरिकेत तेव्हा रविवारची रात्र असते, नऊची वेळ.

त्याच्या बरोबर बारा तास आधी, रविवारी संध्याकाळी साडेसहाला, लोकसभेचे एक्झिट पोल दाखवायला परवानगी मिळाली होती. नागपूरचं मतदान 11 एप्रिललाच आटोपलं होतं आणि मालिकेचा आठवा सीझन 15 एप्रिलला सुरू झाला होता. म्हणजे तो सगळा उन्हाळा अंदाजांचाच होता. दिल्लीत कोण बसणार आणि मालिकेतल्या लोखंडी सिंहासनावर कोण बसणार, हे दोन्ही वाद एकाच ओट्यावर, एकाच दमात चालायचे. एका जुन्या वहीच्या पाठकोऱ्या पानावर आम्ही सातही जणांनी आपापल्या अंदाजाची नावं लिहून ठेवली होती. मी जॉन स्नोवर होतो. दोघं सान्सावर. ब्रॅनचं नाव फक्त एकाने लिहिलं होतं आणि त्यावरून त्याला बरंच ऐकून घ्यावं लागलं. इंग्लंडातल्या सट्टेवाल्यांचा कौल त्या आठवड्यात ब्रॅनकडेच झुकला होता, हे आम्हाला नंतर कळलं.

आठ वाजता वहीचं ते पान कुणाला आठवलंसुद्धा नाही. ब्रॅन राजा झाला याबद्दल वाद झालाच नाही. वाद पेटला तो डेनेरिसवरून, सिंहासनावर हक्क सांगणाऱ्या ड्रॅगनवाल्या राणीवरून, म्हणजे आदल्या सोमवारी घडून गेलेल्या गोष्टीवरून. शरणागतीच्या घंटा वाजल्यानंतर तिने शहर का जाळलं? ‘घंटा वाजली नं, मग काहून जाळलं?’ हा एकच प्रश्न तीन तऱ्हांनी विचारला गेला. हा राग समजून घ्यायचा तर या शहराने गोष्टी कशा ऐकल्या, ते थोडं मागे जाऊन पाहावं लागतं.

माझी आजी नागपूरच्या महाल या जुन्या वस्तीतल्या वाड्यात चातुर्मासात ‘पांडवप्रताप’ वाचायची. श्रीधरस्वामींची ही पोथी 1712 ची, चौसष्ट अध्यायांची. ऐकायला बसणाऱ्या बायकांना गोष्ट तोंडपाठ होती. अभिमन्यू मरणार, कर्ण मरणार, द्रौपदीची पाचही मुलं रात्री झोपेत कापली जाणार, हे प्रत्येकीला माहीत होतं. तरी अभिमन्यूचा अध्याय आजी कधी दिवेलागणीला वाचत नसे, पुढच्या दुपारवर ढकलायची. आणि वाचून झाल्यावर चर्चा व्हायची ती काय झालं याची नाही, ते बरोबर झालं का याची. रथाचं चाक जमिनीत रुतलेलं असताना कर्णावर बाण टाकणं न्यायाचं होतं का? या प्रश्नावर वाड्यात दोन तट होते आणि ते दरवर्षी तेवढ्याच जोराने भांडायचे. शेवट माहीत असलेल्या गोष्टीबद्दल इतकं पोटतिडकीने भांडता येतं, हे मी तिथे शिकलो.

2 ऑक्टोबर 1988 ला दूरदर्शनवर बी. आर. चोप्रांचं ‘महाभारत’ सुरू झालं आणि तोच ओटा टीव्हीसमोर आला. 94 भाग, 24 जून 1990 पर्यंत, दर रविवारी सकाळी. लेखन राही मासूम रझांचं, आणि ‘मैं समय हूँ’ म्हणणारा हरीश भिमाणींचा आवाज. आमच्या गल्लीत टीव्ही दोनच घरी होते, त्यातला एक रंगीत. तेव्हाही अंदाज बांधले जायचे, फक्त वेगळ्या जातीचे. चक्रव्यूह या रविवारी दाखवतील की पुढच्या? कर्णाचं जन्मरहस्य कुंतीच्या तोंडून कसं वदवतील? चाकाचा प्रसंग आला तेव्हा आजीच्या तटातल्या एक काकू उठून निघून गेल्या. त्यांच्या मते कृष्णाने अर्जुनाला जे सांगितलं ते पुरेसं ठसलं नव्हतं, प्रसंग घाईत उरकला होता. ‘प्रसंग घाईत उरकला’ ही तक्रार मी पुढे एकोणतीस वर्षांनी पुन्हा ऐकली, वेगळ्या भाषेतल्या मालिकेबद्दल.

मध्ये 1994 ला ‘चंद्रकांता’ आली. देवकीनंदन खत्रींची मूळ कादंबरी 1888 ची, ऐयार म्हणजे वेष पालटणारे हेर आणि तिलिस्म म्हणजे जादूचे भुलभुलैये, यांची. नागपूर 1956 पर्यंत मध्य प्रांताची आणि नंतरच्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं, त्यामुळे माझ्या आजोबांच्या पिढीला हिंदी परकी नव्हती. त्यांनी ती मूळ हिंदीतच वाचलेली. शाळेत आम्ही भुवया ताणून क्रूरसिंगासारखं ‘यक्कू’ करत फिरायचो. मालिका कादंबरीपासून इतकी लांब गेली की आजोबांचं वाचन आम्हाला काही कामाचं राहिलं नाही. पुस्तक वाचलेला माणूस आणि पुढे काय होणार ते सांगू न शकणारा माणूस, हे दोन्ही एकच असू शकतात, हे तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

‘गेम ऑफ थ्रोन्स’ ज्यावर बेतली आहे त्या जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या पुस्तकमालिकेतलं पहिलं पुस्तक आलं 1996 ला. त्यात जॉन स्नोची आई कोण, हे मुद्दाम लपवलेलं आहे. 1997 पर्यंतच काही वाचकांनी ताडलं होतं की तो नेड स्टार्कचा अनौरस मुलगा नसून त्याच्या बहिणीचा, लियानाचा आणि राजपुत्र ऱ्हेगारचा मुलगा असावा. पुस्तकातली सूचक वाक्यं शोधून, निळ्या गुलाबाचा उल्लेख कुठे कुठे येतो ते टिपून काढलेला हा निष्कर्ष होता. पुढे डेव्हिड बेनिऑफ आणि डी. बी. वाइस मालिकेची परवानगी मागायला मार्टिनना भेटले तेव्हा त्यांनी याच मुद्द्यावर दोघांची परीक्षा घेतली: जॉनची आई कोण? दोघांचं उत्तर बरोबर निघालं आणि मालिकेचा रस्ता मोकळा झाला. अंदाज बांधणारे हे रिकामटेकडे नसतात, हे मी नेहमी सांगतो ते या गोष्टीच्या जोरावर. ती मालिका ज्यांना मिळाली, त्यांना ती अचूक वाचल्यामुळे मिळाली. पडद्यावर हे रहस्य उघड झालं ते सहाव्या सीझनच्या शेवटी, 27 जून 2016 च्या सकाळी. अंदाज खरा ठरायला सुमारे वीस वर्षं लागली.

मालिका 17 एप्रिल 2011 ला अमेरिकेत सुरू झाली. नागपुरात ती तेव्हा पोचली ती पेनड्राइव्हवरून. इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलांत एकाकडे सीझन आला की रात्रीतून पूर्ण मजल्यावर फिरायचा. पुस्तकं बर्डीच्या फूटपाथवर सेकंडहँड मिळायची, बहुतेक वेळा तिसरा खंड असायचा आणि पहिला नसायचा. पहिल्या सीझनच्या नवव्या भागात नेड स्टार्कचं मुंडकं उडालं आणि मालिकेने आपला करार सांगून टाकला: इथे नायक म्हणून कुणाला अभय नाही. 2013 च्या लाल लग्नात, म्हणजे लग्नाच्या मेजवानीतल्या कत्तलीत, तो करार पुन्हा पक्का झाला. पोथी ऐकत वाढलेल्या आमच्यासारख्यांना हे अगदी नवं होतं. मरणं नवी नव्हती, कुरुक्षेत्रावर काही कमी माणसं मरत नाहीत. नवं होतं ते आधीपासून माहीत नसणं.

त्या न-माहीतपणाचा कळस म्हणजे 2015 चा जून. पाचव्या सीझनच्या शेवटी जॉन स्नोला त्याच्याच लोकांनी भोसकलं. पाचवं पुस्तक 2011 ला येऊन तिथेच थांबलं होतं, सहावं आलंच नव्हतं. आता वाचलेले आणि न वाचलेले एका पायरीवर आले. जवळजवळ अकरा महिने धरमपेठेतल्या चहाच्या टपरीवर आमच्यात एकच विषय होता. ‘तो काही मरत नाही पाय, तांत्रिक बाई हाये नं तिथं’ असं ठासून सांगणारा आमचा एक मित्र शेवटी खरा ठरला. 2016 च्या मेमध्ये त्याच तांत्रिक बाईने, मेलिसांड्राने, त्याला उठवलं.

त्याच वर्षी दोन गोष्टी घडल्या. सहाव्या सीझनपासून भाग अमेरिकेच्या बरोबरीने इथे हॉटस्टारवर दिसू लागला, आणि सप्टेंबरात जिओ आल्याने मोबाइलवरचा डेटा स्वस्त झाला. पेनड्राइव्हची उधारी संपली. सोमवारी सकाळी साडेसहाची वेळ ठरली आणि ऑफिसला जाण्याआधी भाग बघून टाकणं भागच झालं, कारण नऊनंतर कुणीतरी फोडणारच. 2017 च्या ऑगस्टमध्ये सातव्या सीझनचा चौथा भाग वेळेआधीच फुटला, तोही भारतातूनच; मुंबई पोलिसांनी चौघांना अटक केली. आमच्यातल्या दोघांनी तो फुटलेला भाग पाहिला नाही, सोमवारपर्यंत थांबले. मला त्यांचा तेव्हाही आदर वाटला, आजही वाटतो.

शेवटाबद्दलच्या रागामागे एक साधा हिशेब आहे. पहिले सहा सीझन दहा-दहा भागांचे, सातवा सात भागांचा, आठवा फक्त सहाचा. पुस्तकं मागे पडली होती आणि पुढचा रस्ता मार्टिननी तोंडी सांगितलेल्या ठळक टप्प्यांवरून काढायचा होता. टप्पे आले, मधली वाट आली नाही. सीझन नव्याने करा, अशी मागणी करणाऱ्या अर्जावर 15 लाखांहून जास्त लोकांनी सह्या केल्या. सप्टेंबरात त्याच सीझनला सर्वोत्कृष्ट नाट्यमालिकेचा एमी पुरस्कार मिळाला, हेही नोंदवायला हवं; अभिनय, संगीत, चित्रीकरण यांत कसर नव्हती. पण डेनेरिस वेडाच्या टोकाला जाणार हा अंदाज कितीतरी प्रेक्षकांनी आधीच बांधला होता. त्यांचा अंदाज बरोबर ठरला, तरीही ते समाधानी नव्हते. रथाचं चाक रुतलेलं त्यांना मान्य होतं, ते रुतताना दिसायला हवं होतं. आजीच्या तटातल्या काकू त्या सकाळी त्रिमूर्तीनगरात असत्या, तर त्याही उठून गेल्या असत्या.

मग 2022 ला त्याच जगातली, पण आधीच्या काळातली ‘हाउस ऑफ द ड्रॅगन’ आली आणि गाडी उलट फिरली. ही मालिका ज्यावर बेतली आहे ते मार्टिनचं ‘फायर अँड ब्लड’ 2018 ला आलेलं. म्हणजे शेवट छापून झालेला, हवा त्याने आधी वाचून घ्यावा. पुस्तक कादंबरीसारखं नाहीच, बखरीसारखं आहे. एक इतिहासकार जुन्या साक्षीदारांचे दाखले देतो; एक दरबारातला विदूषक, एक धर्मगुरू, आणि त्यांचे दाखले एकमेकांशी जुळत नाहीत. राजा व्हिसेरिसने मुलगी ऱ्हेनिराला वारस नेमलं, त्याच्या मृत्यूनंतर सावत्र भाऊ एगॉनला गादीवर बसवलं गेलं आणि घराणं आपसात लढून खिळखिळं झालं. मार्टिननी याचा धागा इंग्लंडच्या बाराव्या शतकातल्या यादवीतून, सम्राज्ञी मॅटिल्डा आणि स्टीफन यांच्या भांडणातून घेतला आहे. नागपुरात बसलेल्याला मात्र एवढं लांब जायची गरज पडत नाही. जानोजी भोसले 1772 ला निपुत्रिक गेले. त्यांनी धाकटे भाऊ मुधोजी यांचा मुलगा रघुजी याला दत्तक घ्यायचं ठरवलं होतं, पण दुसरे भाऊ साबाजी यांनीही गादीवर हक्क सांगितला आणि जानोजींच्या विधवा दर्याबाई काही काळ साबाजींच्या बाजूने उभ्या राहिल्या. जानेवारी 1775 ला नागपूरजवळच्या पाचगावला भाऊ भावासमोर आले आणि मुधोजींनी साबाजींना स्वतःच्या हाताने गोळी घातली. महालात लहानपण गेलेल्या माणसाला एगॉनचे हिरवे आणि ऱ्हेनिराचे काळे हे दोन तट समजावून सांगावे लागत नाहीत.

पहिल्या सीझनचा शेवट इथे 24 ऑक्टोबर 2022 ला आला. त्या वर्षी नरक चतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी होतं. उटणं लावून, अभ्यंगस्नान करून साडेसहाला मोबाइल उघडला तर वादळात व्हॅगार नावाची ड्रॅगन ऱ्हेनिराच्या त्या लहान ल्युसेरिसला त्याच्या ड्रॅगनसकट फाडताना दिसली. आई फराळाचं ताट घेऊन आली होती. तिने विचारलं, मुलगा कुणाचा? मी सांगितलं, राणीचा. ती थोडा वेळ तिथेच उभी राहिली. मग म्हणाली, आता ती थांबायची नाही.

इतका नेमका अंदाज त्या सकाळी दुसऱ्या कुणी बांधला असेल असं मला वाटत नाही. तिने पुस्तक पाहिलंही नव्हतं, पण द्रौपदी तिला ठाऊक होती.

दुसरा सीझन आठच भागांचा होता. त्याचा शेवटचा भाग इथे 5 ऑगस्ट 2024 ला आला, पहिल्या श्रावण सोमवारी. दिग्दर्शन गीता वसंत पटेल यांचं. सैन्यं निघाली, जहाजं निघाली, ड्रॅगन उडाले आणि भाग संपला. लढाई झालीच नाही, ती तिसऱ्या सीझनवर गेली. पुढच्या महिन्यात खुद्द मार्टिननी पुस्तकातला एक लहान मुलगा मालिकेतून गाळल्याबद्दल उघड नाराजी लिहिली, आणि मग ते लिखाण काढून घेतलं. मूळ लेखकच प्रेक्षकांमध्ये येऊन बसलेला मी पहिल्यांदा पाहिला.

त्या सोमवारी आम्ही सातांतले चारच उरलो होतो, बाकीचे पुण्याला आणि बेंगळुरूला गेलेले. साबुदाण्याची उसळ होती, चर्चा होती ती विदूषकाची साक्ष खरी मानतील की धर्मगुरूची याची. वहीचं नवं पान काढलं होतं. कोण जिंकणार हा रकाना यावेळी नव्हताच. कोणता प्रसंग कुणाच्या बाजूने दाखवतील, एवढंच लिहायचं होतं. ‘फायर अँड ब्लड’ दोनदा वाचलेला मित्र पेन हातात धरून बसला होता, लिहीत काही नव्हता. खूप आग्रह केला तेव्हा म्हणाला, ‘थांबा राजेहो, आधी पाण्यातली लढाई होऊ द्या.’