स्वयंपाकाची मिनिटे घटली, पंगतीची वाढली

दुपारी एकच्या ठोक्याला फ्रान्समधले जवळजवळ निम्मे लोक जेवत असतात, असे तिथल्या राष्ट्रीय सांख्यिकी संस्थेला २०१० च्या पाहणीत आढळले. भूक ही ज्याची त्याची खासगी बाब असेल, तर अख्ख्या देशाला ती एकाच वेळी कशी लागते?

याचे एक उत्तर जठरात आहे. १९९९ मध्ये जपानी संशोधकांनी शोधलेले ‘घ्रेलिन’ हे भूक चाळवणारे संप्रेरक प्रामुख्याने जठरात तयार होते. जेवणाआधी रक्तातले त्याचे प्रमाण वाढते आणि जेवणानंतर उतरते. महत्त्वाचे म्हणजे ही वाढ नेहमीच्या जेवणवेळांच्या सुमारास होते, म्हणजे शरीर सवयीच्या घड्याळाकडे बघून भूक तयार ठेवते. फ्रेंच शहरी घरात हे घड्याळ लहानपणीच लावले जाते. सकाळी लोणी आणि जॅम लावलेला पाव कॉफीच्या वाडग्यात बुडवून खायचा; दुपारी मुलांनी शाळेच्या भोजनालयात आणि आईवडिलांनी कामाच्या ठिकाणी जेवायचे; साडेचारच्या सुमारास शाळा सुटली की मुलांना ‘गूते’, म्हणजे पावाच्या तुकड्यात चॉकलेटची वडी किंवा एखादे फळ; आणि रात्री आठच्या आसपास सगळ्यांनी एकत्र बसायचे. अधूनमधून चरत राहणे शिस्तीत बसत नाही. अपवाद एकच, आणि तो सर्वमान्य: बेकरीतून आणलेल्या ताज्या ‘बगेत’ या लांब पावाचे टोक घरी पोचेपर्यंत उरत नाही.

आता पैशाकडे वळू. उत्पन्न वाढते तसा एकूण खर्चातला अन्नाचा वाटा घटतो, हा नियम एर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ मध्ये मांडला. फ्रान्स त्याचे पाठ्यपुस्तकी उदाहरण ठरावे: घरचे, बाहेरचे आणि मद्य असे सगळे धरून १९६० मध्ये कुटुंबाच्या उपभोग-खर्चाचा ३५ टक्के भाग खाण्यापिण्यावर जात होता, २०१४ मध्ये तो २० टक्क्यांवर आला. दुपारच्या जेवणाचा काही भार तर घराच्या हिशेबाबाहेरच उचलला जातो. अनेक नोकरदारांना मिळणाऱ्या भोजन-कुपनाच्या किमतीचा निम्मा किंवा त्याहून थोडा अधिक भाग मालक भरतो, आणि पुष्कळ शहरांत शाळेच्या जेवणाचे शुल्क कुटुंबाच्या उत्पन्नानुसार ठरते.

मला खरे कुतूहल वाटते ते वेळेच्या हिशेबाचे. १९८६ मध्ये स्वयंपाकाला दिवसाकाठी सरासरी १ तास ११ मिनिटे लागत, २०१० मध्ये ५३ मिनिटे. तयार पदार्थ आले, चिरणे-निवडणे कमी झाले. एरवी वाटले असते की जेवणही तसेच उरकले जाईल. उलट खाण्यातला वेळ त्याच काळात १३ मिनिटांनी वाढून २ तास २२ मिनिटांवर गेला.

सावकाश जेवण्याला शरीरशास्त्रीय अर्थ आहे, कारण पोट भरल्याचे आतड्यांतले संदेश मेंदूपर्यंत पोचून परिणाम दिसायला काही मिनिटे जावी लागतात. त्यात ताटही बेताचे असते: मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासासाठी उपाहारगृहांतल्या वाढपाचे वजन केले, तेव्हा पॅरिसमध्ये ते सरासरी २७७ ग्रॅम आणि अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात ३४६ ग्रॅम भरले. तरीही फ्रेंच माणूस लठ्ठपणापासून सुटलेला नाही. २०२० च्या पाहणीत सुमारे १७ टक्के प्रौढ लठ्ठ आढळले.