नेहमी भेटणारा शब्द आणि वाकड्या स्पेलिंगचा शब्द

प्राथमिक वर्गांना इंग्रजी वाचन शिकवणाऱ्यांच्या बोलण्यात ‘साइट वर्ड’ ही संज्ञा हल्ली इतक्या सहजपणे येते की तिचा नेमका अर्थ विचारणेच उद्धटपणाचे वाटावे. तरीही विचारले, तर एकच व्यक्ती एका दमात दोन उत्तरे देते. हे शब्द मुलांच्या पुस्तकांत सारखे येतात, आणि म्हणून ते अक्षरे जुळवून न वाचता पाठच करावे लागतात. यातले पहिले विधान शब्दाच्या वापराविषयी आहे, दुसरे त्याच्या लेखनाविषयी. आणि त्या दोहोंना जोडणाऱ्या ‘म्हणून’ला कसलाही आधार नाही. एखादा शब्द किती वेळा भेटतो यावरून त्याचे स्पेलिंग सरळ आहे की वाकडे, हे ठरत नाही. हा घोटाळा निव्वळ शब्दांचा असता तर त्याकडे काणाडोळा करता आला असता. परंतु त्याची किंमत मुले मोजतात, आणि ती सर्वांत जास्त मोजतात क्रियापदांच्या बाबतीत.

वारंवार येणाऱ्या शब्दांविषयी फार सांगण्याची गरज नाही, कारण त्यांच्या याद्या बहुतेक शिक्षकांच्या परिचयाच्या असतात. एडवर्ड विल्यम डॉल्च या अमेरिकी अभ्यासकाने 1936 मध्ये प्रसिद्ध केलेल्या यादीत 220 शब्द होते आणि त्यांत एकही नाम नव्हते. 95 नामांची यादी त्याने वेगळी केली. पुढे एडवर्ड फ्राय याने याहून मोठी यादी तयार केली. डॉल्चची यादी चांगली की फ्रायची, या वादात मला काडीचाही रस नाही. दोन्ही याद्या वारंवारतेवर उभ्या आहेत आणि कोणते शब्द आधी हाती यावेत हे सांगण्यापुरत्या त्या उपयोगी आहेत. ते शब्द कसे शिकवावेत, हे मात्र निव्वळ मोजणीतून निघालेली कोणतीही यादी सांगू शकत नाही.

आता खरी मेख पाहू. डॉल्चच्या यादीतला सर्वांत सोपा गट 40 शब्दांचा आहे, आणि त्यात माझ्या मोजणीप्रमाणे 13 क्रियापदे आहेत: ‘कॅन’, ‘कम’, ‘फाइंड’, ‘गो’, ‘हेल्प’, ‘इज’, ‘जम्प’, ‘लुक’, ‘मेक’, ‘प्ले’, ‘रन’, ‘सेड’ आणि ‘सी’. ही तेराही क्रियापदे फ्लॅशकार्डावर लिहून, लॅमिनेट करून, भिंतीवर टांगून मुलांकडून घोकून घेतली जातात. त्यांतली पाठ करण्याजोगी किती, हे एकदा शांतपणे तपासावे. ‘कॅन’, ‘रन’, ‘जम्प’ आणि ‘हेल्प’ यांतले प्रत्येक अक्षर आपला नेहमीचा ध्वनी देते. ज्या मुलाला अक्षरांचे ध्वनी येतात, त्याला हे शब्द कोणी शिकवावेही लागत नाहीत. ‘इज’मधल्या एसचा उच्चार ज होतो, पण तसा तो ‘हॅज’मध्येही होतो आणि असंख्य अनेकवचनांतही होतो. ‘सी’मधला जोड-ई, ‘प्ले’मधला एवाय, ‘मेक’च्या शेवटी येऊन आधीच्या स्वराला लांबवणारा मुका ई, ‘लुक’मधला ‘बुक’ आणि ‘कुक’शी जुळणारा जोड-ओ, ‘गो’च्या शेवटचा ‘नो’ आणि ‘सो’सारखा ओ, ‘फाइंड’ला सोबत करणारे ‘काइंड’ आणि ‘माइंड’ हे सगळे आकृतिबंध आहेत. एक शिकला की त्यामागून डझनभर शब्द आपोआप येतात. तेरांतून उरतात फक्त दोन, ‘कम’ आणि ‘सेड’, आणि तेही पूर्ण वाकडे नाहीत.

‘सेड’ पाहा. त्यात तीन ध्वनी आहेत. पहिला एस आणि शेवटचा डी आपापले काम चोख बजावतात. वाकडेपणा आहे तो फक्त मधल्या एआय या जोडीत, कारण ‘रेन’मध्ये ती लांब स्वर देते आणि येथे आखूड. येथे मराठी शिकवणाऱ्यांसाठी एक अडचण आहे, जिची वाच्यता कोणी करत नाही. देवनागरीत हे दोन्ही स्वर एकाच मात्रेने लिहिले जात असल्यामुळे आपल्यापैकी अनेकांना ‘सेड’ आणि ‘रेन’ यांतला स्वर वेगळा आहे हे ऐकूच येत नाही. शब्द विचित्र आहे हे कार्डावर वाचलेले असते म्हणून आपण तो विचित्र मानतो आणि पाठ करायला लावतो; प्रत्यक्षात तो विचित्र का आहे, हे आपल्याच कानाला उमगलेले नसते. ‘सेड’ हा ‘रेड’ आणि ‘बेड’ यांच्या यमकात बसतो, ‘मेड’ आणि ‘पेड’ यांच्या नव्हे, हे आधी शिकवणाऱ्याने स्वतः चारदा उच्चारून पाहावे आणि मगच मुलांसमोर उभे राहावे.

‘कम’मध्येही सी आणि एम सरळच आहेत. तेथे ओ हे अक्षर अ असा उच्चार देते, जसे ते ‘सम’, ‘सन’ आणि ‘लव्ह’ यांत देते. मध्ययुगीन हस्तलिखितांत एम, एन, व्ही यांच्या उभ्या दांड्यांच्या गर्दीत यू हे अक्षर हरवून जाई, म्हणून लेखनिक तेथे ओ लिहू लागले, असे याचे प्रचलित स्पष्टीकरण आहे. मुलांना हा इतिहास सांगायलाच हवा असे नाही. परंतु शिकवणाऱ्याला तो ठाऊक असला, तर निदान ‘इंग्रजीला काही नियमच नाहीत’ हे पालुपद तरी थांबेल. ‘हॅव’, ‘गिव्ह’ आणि ‘लिव्ह’ यांच्या शेवटच्या ईबद्दल हेच म्हणता येईल. हा ई आधीच्या स्वराला लांबवण्यासाठी आलेला नाही. इंग्रजी शब्द व्ही या अक्षरावर संपवायचा नाही, या जुन्या लेखनसंकेतामुळे तो तेथे बसला आहे. तसेच ‘वॉज’ हा शब्द एकट्याने वाकडा दिसतो, पण ‘वॉन्ट’, ‘वॉश’ आणि ‘वॉच’ ही क्रियापदे त्याच्याशेजारी लिहिली की डब्ल्यूनंतर येणारा ए बहुधा ऑ होतो, हे मुलेच सांगतात.

अक्षरांचा नेहमीचा हिशेब एखाद्या ठिकाणी चुकला म्हणजे अख्खा शब्द चित्रासारखा लक्षात ठेवायचा, ही कल्पना आपल्या लिपीला लावून पाहिली की तिचा फोलपणा लगेच कळतो. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतला च सारखाच लिहिला जातो आणि वेगळा उच्चारला जातो. ‘जरा’ आणि ‘जन्म’ यांतल्या जचीही तीच गत आहे. म्हणून कोणी मराठी मुलाला ‘चारा’ हा शब्द कार्डावर दाखवून त्याचा आकार पाठ करायला लावत नाही. मूल अक्षरे वाचते, जवळपासचा उच्चार करते, शब्द ओळखीचा असल्याने तो जिभेवर दुरुस्त करते आणि पुढे जाते. इंग्रजी ‘कम’ वाचताना हेच करायचे असते. फरक एवढाच की शब्द कानाला आधी ओळखीचा हवा, आणि परकी भाषा शिकणाऱ्या मुलाच्या बाबतीत ते काम शिक्षकाला आधी तोंडी करून घ्यावे लागते.

साइट वर्ड या संज्ञेचा तिसरा, आणि माझ्या मते एकमेव उपयोगाचा, अर्थ येथे सांगितला पाहिजे. लिनीया एरी या संशोधिकेच्या मांडणीनुसार, जो शब्द वाचकाला पाहताक्षणी, अक्षरे न जुळवता ओळखता येतो, तो त्या वाचकापुरता साइट वर्ड. या अर्थाने सराईत वाचकाचे हजारो शब्द साइट वर्ड असतात, ‘हेल्प’ही आणि ‘सेड’ही. महत्त्वाचे असे की हे शब्द स्मृतीत आकृती म्हणून साठत नाहीत. शब्दातले ध्वनी त्याच्या अक्षरांशी जोडले जाऊन ते पक्के होतात. म्हणजे पाहताक्षणी ओळखणे हे अक्षरे जुळवण्याच्या सरावाचे फळ आहे, आणि कार्डाची घोकंपट्टी करणारे नेमके ते फळ झाडाशिवाय मागत असतात. शब्दाभोवती त्याच्या उंचसखल आकाराची चौकट काढून ती रंगवायला लावणारे सरावपत्रक तर माझ्या डोक्यात जाते. ‘कम’ आणि ‘केम’ यांच्या चौकटी हुबेहूब सारख्या येतात. त्यांतून मुलाने नेमके काय शिकावे?

क्रियापदांचा प्रश्न येथेच गंभीर होतो. नाम बहुतांशी आपल्या जागी स्थिर असते, पण क्रियापद रूप बदलते, आणि इंग्रजीत तो बदल अनेकदा मधल्या एका स्वराच्या अक्षरात असतो: ‘रन’ आणि ‘रॅन’, ‘कम’ आणि ‘केम’, ‘गिव्ह’ आणि ‘गेव्ह’, ‘सिट’ आणि ‘सॅट’. पहिले अक्षर आणि एकंदर आकार पाहून अंदाज ठोकण्याची सवय लागलेले मूल हे शब्द एकमेकांच्या जागी वाचते. शिक्षक त्याला उच्चाराची किरकोळ चूक समजतात. खरे तर मुलाने वाक्याचा काळच गमावलेला असतो, आणि गोष्ट कधी घडली हे त्याला कळलेले नसते. मग हेच मूल व्याकरणाच्या तासाला भूतकाळ जमत नाही म्हणून कच्चे ठरते.

ईडी लागून होणाऱ्या भूतकाळात तर हे आणखी स्पष्ट दिसते. ‘जम्प’ हे चित्र म्हणून पाठ केलेल्या मुलाला ‘जम्प्ट’ हे नवीन चित्र वाटते. अक्षरे वाचणारे मूल ओळखीचे क्रियापद आणि त्यामागचे शेपूट अशी त्याची फोड करते. या शेपटाचे तीन उच्चार होतात: ‘जम्प्ट’मध्ये ट, ‘प्लेड’मध्ये ड आणि ‘वॉन्टेड’मध्ये एक वेगळे अक्षर ऐकू यावे इतका स्पष्ट स्वर. मूळ क्रियापदाच्या शेवटी ट किंवा ड ऐकू आला तरच तिसरा प्रकार होतो. पहिल्या दोघांत जीभ आपणच निवड करते, त्यामुळे त्यांचा नियम फळ्यावर लिहून मुलांना घाबरवू नये. ‘जम्पेड’ आणि ‘वॉकेड’ असे वाचणाऱ्यांना ‘वॉन्टेड’ कुठे वेगळा पडतो, एवढेच दाखवावे. उच्चार तीन असले तरी लेखन एकच राहते, कारण अर्थ एकच आहे. याच कारणाने ‘डज’ हा शब्दही वाटतो तितका आडमुठा नाही: तो ‘डू’ला ईएस लागून झाला आहे, उच्चार बदलला तरी लेखनाने आपले कूळ टाकलेले नाही. ‘सेड’नेही ‘से’शी असलेले नाते असेच जपले आहे, फक्त वाय जाऊन आय आला, जसा तो ‘पे’चे ‘पेड’ होताना येतो.

आणखी एक गल्लत याच्याच पोटात आहे. व्याकरणात अनियमित ठरणारे क्रियापद स्पेलिंगलाही अवघड असणार, असे गृहीत धरून ‘वेन्ट’, ‘गॉट’, ‘स्लेप्ट’, ‘फेल्ट’ आणि ‘स्वॅम’ यांनाही पाठांतराच्या गठ्ठ्यात टाकले जाते. ‘गो’चा भूतकाळ ‘वेन्ट’ का, हे मुलाला नियमाने सांगता येणार नाही. तो मुळात ‘वेन्ड’ या दुसऱ्याच क्रियापदाचा भूतकाळ होता आणि ‘गो’ने तो उसना घेतला. तेवढी जोडी ऐकून आणि बोलून पक्की करावी लागते. परंतु डब्ल्यू, ई, एन, टी ही चार अक्षरे अगदी आज्ञाधारक आहेत, आणि ‘टेन्ट’ वाचणारे मूल ‘वेन्ट’ पहिल्याच झटक्यात वाचते. उलट ‘मूव्ह’ आणि ‘लव्ह’ ही व्याकरणात आदर्श वागणारी क्रियापदे स्पेलिंगमध्ये ओचे भलतेच उच्चार घेऊन बसली आहेत. व्याकरणाच्या तासाची यादी आणि वाचनाच्या तासाची यादी एकच ठेवणाऱ्यांना हे कधी दिसत नाही.

वाकड्या शब्दांसाठी माझी पद्धत साधी आहे आणि ती बदलण्याचे कारण मला अजून सापडलेले नाही. आधी शब्द वाक्यात वापरून ऐकवावा, मग त्यातले ध्वनी बोटांवर मोजायला सांगावेत, प्रत्येक ध्वनीसाठी एक रेघ मारून सरळ वागणारी अक्षरे मुलांकडूनच भरून घ्यावीत, आणि न जुळणाऱ्या अक्षराभोवती तेवढे वर्तुळ करावे. लक्षात ठेवायचे ते वर्तुळातले. त्यानंतर शब्द पाहून नव्हे, तर आठवून लिहायला लावावा. एका वेळी दोन-तीन शब्द पुरेत, आणि ‘वॉज’ व ‘सॉ’ एकाच दिवशी तर मुळीच नकोत, कारण त्यांत तीच तीन अक्षरे उलट्या क्रमाने येतात.

एक क्रियापद मात्र या सगळ्या व्यवस्थेबाहेर उभे राहते, आणि योगायोग असा की ते ‘वाचणे’ हेच आहे. आर, ई, ए, डी या चार अक्षरांचा वर्तमानकाळात ‘रीड’ होतो आणि भूतकाळात ‘रेड’. दोन्ही उच्चार नियमातच बसतात, पहिला ‘सीट’सारखा आणि दुसरा ‘ब्रेड’सारखा, त्यामुळे अक्षरांचे ध्वनी येथे निर्णय देऊ शकत नाहीत, आणि कार्डावर एकटा लिहिलेला हा शब्द तर शिक्षकालाही निश्चित वाचता येणार नाही. त्यासाठी वाक्य लागते. वाक्यात ‘यस्टर्डे’ असला तर प्रश्न मिटतो, पण तो नसला तरी कर्त्याकडे पाहता येते: कर्ता ‘शी’ असून क्रियापदाला एस लागलेला नसेल, तर बहुधा भूतकाळच असतो आणि शब्द ‘रेड’ असाच वाचायचा असतो.