पोस्टमच्या जाहिराती

पोस्टम हे भाजलेला गहू, गव्हाचा कोंडा आणि काकवी यांपासून बनवलेले, कॅफिन नसलेले अमेरिकी पेय. १८९५ साली ते बाजारात आले आणि पुढची पन्नासेक वर्षे त्याच्या जाहिराती अमेरिकी मासिकांतून व वर्तमानपत्रांतून झळकत राहिल्या. आज या पेयापेक्षा त्याच्या जाहिरातींचीच चर्चा जास्त होते.

पेयाचे जनक सी. डब्ल्यू. पोस्ट (१८५४–१९१४). प्रकृती ढासळल्यामुळे १८९१ मध्ये ते मिशिगन राज्यातील बॅटल क्रीक येथे डॉ. जॉन हार्वे केलॉग यांच्या आरोग्यधामात दाखल झाले. तिथे कॉफी वर्ज्य होती. रुग्णांना भाजक्या धान्याचा काढा मिळे. पुढे पोस्ट यांनी त्याच गावात स्वतःचा कारखाना काढला. केलॉग यांची कल्पनाच त्यांनी उचलली, हा आरोप त्यांना कायम चिकटला.

पोस्टमची चव कॉफीच्या जवळपास जाणारी होती, पण कॉफीची नव्हती. शिवाय सुरुवातीचे पोस्टम पंधरा-वीस मिनिटे चांगले उकळावे लागे. असा माल खपवायचा तर आधी कॉफीला बदनाम करणे भाग होते, आणि पोस्ट यांनी ते मनापासून केले. झोप उडणे, छातीत धडधडणे, अपचन, चिडचिड, अगदी नजर अधू होण्याचेही खापर जाहिरातींनी कॉफीवर फोडले. ‘कॉफी हार्ट’सारखी भारदस्त नावे या दुखण्यांना मिळाली. मजकुराची भाषा साधी, शेजाऱ्याने बाजूला घेऊन सांगावे तशी. शेवटी ठरलेले पालुपद : ‘देअर्स अ रीझन’, म्हणजे ‘त्याला कारण आहे’. ते कारण कोणते, हे वाचकाने आपल्या दुखण्याप्रमाणे ठरवावे.

नकली माल येऊ लागला तेव्हा पोस्ट यांनी तेच मिश्रण ‘मंक्स ब्रू’ या नावाने फार स्वस्तात विकले. प्रतिस्पर्धी बुडताच तो माल परत मागवून पोस्टमच्या वेष्टनात भरला.

औषधी दाव्यांवरून ‘कोलियर्स’ या साप्ताहिकाने पोस्ट यांच्या ग्रेप-नट्स या दुसऱ्या उत्पादनाच्या जाहिरातींवर टीका केली. पोस्ट यांनी पैसे मोजून वर्तमानपत्रांत साप्ताहिकावरच चिखलफेक केली. साप्ताहिकाच्या मालकाने लावलेल्या अब्रुनुकसानीच्या दाव्यात १९१० साली ज्यूरीने ५०,००० डॉलर भरपाई ठरवली. अपिलात मात्र तो निकाल टिकला नाही.

पोस्ट यांच्या मृत्यूनंतर, १९३० च्या दशकात या जाहिरातींनी चित्रकथेचे रूप घेतले आणि ‘मिस्टर कॉफी नर्व्ह्‌ज’ हा खलनायक अवतरला. उंच टोपी, पीळदार मिशा, आणि पारदर्शक अंग : चित्रातल्या माणसांना तो दिसत नाही, वाचकाला दिसतो. गोष्टीचा साचा ठरलेला. नवरा घरी बायकोवर खेकसतो, कचेरीत साहेबाशी वाकडे घेतो. मागे उभा राहून हा त्याच्या कानात विष ओततो. मग डॉक्टर किंवा एखादा समजूतदार नातेवाईक कॉफी सोडून पोस्टम प्यायला सांगतो, आणि शेवटच्या चौकटीत भूत चरफडत पळ काढते. नाटक मंडळीतल्या खलपुरुषाची आठवण यावी असा हा प्राणी पोस्टमच्या कपापेक्षा कितीतरी रंगतदार वाटतो. जाहिरातदारांची ही फजिती म्हणावी की कमाई, हे सांगणे कठीण. यांतील काही पट्ट्या मिल्टन कॅनिफ आणि नोएल सिकल्स या नामांकित चित्रकारांनी टोपणनावाने काढल्या.

दरम्यान कॉफी व्यापारी गप्प बसले नव्हते. ब्राझीलच्या कॉफी उत्पादकांच्या पैशाची जोड घेऊन अमेरिकी व्यापाऱ्यांनी पहिल्या महायुद्धानंतर कॉफीच्या बाजूने संयुक्त जाहिरातमोहीम उघडली.

पण मोठी गंमत पोस्टमच्याच घरात होती. १९२८ मध्ये पोस्टम कंपनीने मॅक्सवेल हाउस ही नावाजलेली कॉफी विकत घेतली. पुढच्या वर्षी कंपनीचे नाव जनरल फूड्स झाले. म्हणजे मिस्टर कॉफी नर्व्ह्‌ज घराघरांत कॉफीचे भूत नाचवत होता, तेव्हा त्याचे मालक कॉफीही विकत होते.