सॅकरिनवरून 'सॅकरिन' आलाच नाही!

इंग्रजीत अति गोडगोड, डोळ्यात पाणी आणायला लावणाऱ्या लिखाणाला 'सॅकरिन' म्हणतात, आणि बरेच जण बिनधास्त सांगतात की हा शब्द सॅकरिन नावाच्या कृत्रिम साखरेवरून आलाय, खोटा गोडवा म्हणून. ऐकायला पटतं पण हे चूक आहे, प्रकरण बरोबर उलटं आहे.

ती कृत्रिम साखर सापडली १८७९ मध्ये, अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात. फालबर्ग नावाचा केमिस्ट लॅबमधून आला, हात न धुता जेवायला बसला आणि पाव तोंडात घातला तर तो गोड लागला, हाताला चिकटलेलं रसायन होतं ते! नाव मात्र जुन्याच शब्दावरून ठेवलं. 'सॅकरिन' हे विशेषण इंग्रजीत १७व्या शतकापासून आहे, अर्थ साधा, साखरेचं किंवा साखरेसारखं. म्हणजे 'खोटं' हा अर्थ मुळात नाहीच, तक्रार आहे ती गोडी जास्त झाल्याची. स्पेलिंगही बघा, विशेषणाच्या शेवटी ई असतो, रसायनाला नसतो.

आणि मला सगळ्यात आवडतं ते मूळ. लॅटिन 'साखारुम', त्याआधी ग्रीक, आणि त्याही मागे आपली संस्कृत 'शर्करा', जिचा जुना अर्थ खडे, वाळू. आपली साखर तिथूनच आली, म्हणजे साखर आणि सॅकरिन हे दोन्ही शब्द सख्खे नातेवाईक!

असाच 'मॉकिश', म्हणजे अति भावुक. तो चेष्टावाल्या 'मॉक'चा कोणी नाही, मध्ययुगीन इंग्रजीत 'मॉक' म्हणजे अळी, त्यावरून तो आला, आधी अर्थ मळमळ होणारं असा होता, भावुकपणा नंतर चिकटला.