रोबोट्स डॉट टीएक्सटी आणि नोइंडेक्स: दोन्ही एकच नव्हेत

छोट्या व्यवसायाची नवी साइट गूगलवर सापडत नाही म्हटलं की मी आधी दोन जागा बघतो: रोबोट्स डॉट टीएक्सटी फाइल आणि पानाच्या कोडमधला नोइंडेक्स टॅग. दोन्ही सर्च इंजिनला अडवतात, म्हणून बरेच जण त्यांना एकच समजतात, आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

रोबोट्स डॉट टीएक्सटी बॉटला, म्हणजे सर्च इंजिनसाठी पानं वाचत फिरणाऱ्या प्रोग्रामला, सांगते की या पत्त्यांवर येऊ नकोस. ही पद्धत १९९४ पासूनची. आरएफसी ९३०९ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजातून ती २०२२ मध्ये रीतसर मानक झाली. नोइंडेक्सचं म्हणणं वेगळं: ये, पान वाच, पण निकालांत दाखवू नकोस. म्हणजे एकाची बंदी वाचण्यावर, दुसऱ्याची यादीत घेण्यावर.

यातूनच एक गोष्ट घडते जी पहिल्यांदा ऐकताना उलटी वाटते. रोबोट्समध्ये अडवलेलं पानही गूगलवर येऊ शकतं. दुसऱ्या कुणी त्याची लिंक दिली असेल, तर बॉट पान न वाचताच नुसता पत्ता यादीत घेतो, आणि निकालात खाली वर्णन दिसत नाही. मग लोक घाबरून नोइंडेक्सही लावतात आणि रोबोट्समधली बंदी तशीच ठेवतात. पण बॉटला पान उघडायलाच मनाई असेल, तर आतला टॅग त्याला दिसणार कसा? पान निकालांतून काढायचं असेल तर रोबोट्समधली वाट मोकळी करा, नोइंडेक्स लावा आणि बॉट पुन्हा येऊन जाईपर्यंत थांबा. नोइंडेक्सची ओळ रोबोट्स फाइलमध्येच लिहिण्याचा जुना उपाय गूगल १ सप्टेंबर २०१९ पासून मानत नाही.

गोपनीय पानांना यातलं काहीच पुरत नाही. रोबोट्स फाइल तर कुणालाही उघडून वाचता येते. तिथे पासवर्डच हवा.

आता तुमची साइट तपासा. पत्त्यापुढे तिरपी रेघ देऊन रोबोट्स डॉट टीएक्सटी उघडा. ‘यूजर-एजंट: *’ या ओळीखाली नुसतं ‘डिसअलाउ: /’ असेल, तर अख्खी साइट बंद आहे. ती रेघ नसेल, कोलननंतर काहीच नसेल, तर सगळं खुलं. एवढ्याशा रेघेवर महिन्यांची मेहनत अडकून बसते, म्हणून हे स्वतःच्या डोळ्यांनी बघाच.

मग मुख्य पानाचा सोर्स, म्हणजे मागचा कोड, उघडून त्यात नोइंडेक्स शोधा. वर्डप्रेसवर सेटिंग्जमधल्या ‘रीडिंग’ भागात सर्च इंजिनांना परावृत्त करणारी एक चौकट असते. साइट बनवताना तिथे केलेली टिक नंतर काढायची राहून जाते. ५.३ आवृत्तीपासून ती टिक नोइंडेक्स लावते, त्यामुळे फक्त रोबोट्स फाइल बघणाऱ्याला सगळं ठीकच वाटतं.

दुरुस्ती झाली की सर्च कन्सोल या गूगलच्या साइटमालकांसाठीच्या साधनात यूआरएल तपासणीत पत्ता टाका, लाइव्ह चाचणी घ्या आणि इंडेक्सिंगची, म्हणजे यादीत घेण्याची, विनंती पाठवा. गूगल रोबोट्स फाइलची प्रत साधारण २४ तासांपर्यंत जपून ठेवतं, तेव्हा तेवढा धीर धरा.