युद्धपटांचं उसनं सैन्य

२६ जानेवारी किंवा १५ ऑगस्टला टीव्हीवर ‘बॉर्डर’ लागला की चर्चा रंगते ती संवादांची आणि गाण्यांची. सिनेमा काढणाऱ्यापुढचा पहिला प्रश्न मात्र वेगळाच असतो: रणगाडे कोण देणार? रणगाडा, लढाऊ विमान, पाणबुडी या काही भाड्याने आणायच्या वस्तू नव्हेत. त्या सैन्याकडूनच मिळतात, आणि सैन्य आधी पटकथा वाचतं. त्यामुळे कोणाला काय उसनं मिळालं आणि कोणाला काय नाकारलं गेलं, यावर युद्धपटांचा निम्मा इतिहास उभा आहे.

सुरुवात मूकपटांपासून. पहिल्याच ऑस्कर सोहळ्यात सर्वोत्कृष्ट ठरलेल्या ‘विंग्ज’साठी (१९२७) अमेरिकी सैन्याने टेक्सासमध्ये विमानं आणि माणसं दिली. दिग्दर्शक विल्यम वेलमन स्वतः पहिल्या महायुद्धातला वैमानिक होता. सगळं हाताशी असूनही त्याने चित्रीकरण अडवून धरलं, कारण आकाश निरभ्र होतं. मागे ढग नसले की पडद्यावर विमानाचा वेग कळतच नाही, ते जागच्या जागी तरंगताना दिसतं. निर्माते वैतागले, पण वेलमन ढगांची वाट पाहत बसला. आजही संगणकावर हवाई लढाई रचताना मागे ढगांचे पुंजके टाकतात ते याच कारणासाठी.

उसनवारीच्या गमतीही बऱ्याच. ‘बॅटल ऑफ ब्रिटन’मधली (१९६९) जर्मन मेसरश्मिट विमानं प्रत्यक्षात स्पेनमध्ये बांधलेली होती आणि त्यांत इंजिनं होती ब्रिटिश रोल्स-रॉइसची. म्हणजे शत्रूच्या विमानात ब्रिटिशांच्या स्पिटफायर लढाऊ विमानाच्याच घराण्यातलं इंजिन! अमेरिकी सेनापती पॅटनवरचा ‘पॅटन’ही (१९७०) स्पेनमध्येच चित्रित झाला. तिथल्या सैन्याकडे युद्धानंतरचे अमेरिकी रणगाडे होते, त्यामुळे जर्मनांच्या बाजूनेही त्याच सेनापतीचं नाव दिलेले पॅटन जातीचेच रणगाडे धावले. ‘अपोकॅलिप्स नाऊ’ला (१९७९) अमेरिकी सैन्याने मदत नाकारली, तेव्हा हेलिकॉप्टरं फिलिपिन्स सरकारकडून घेतली गेली. ती ऐन चित्रीकरणातून बंडखोरांशी लढायला परत बोलावली जात.

आपल्याकडे चेतन आनंदांचा ‘हकीकत’ (१९६४) आला तेव्हा १९६२चा पराभव ताजा होता. सैन्याचं सहकार्य होतं, चित्रीकरण लडाखमध्ये झालं. पण गोष्ट माघारीची. अंगावर येणारे रणगाडे नाहीत, विमानांचे ताफे नाहीत. आहे ती थंडी, उंची आणि संपत चाललेली काडतुसं. १९६२च्या जवानाच्या हातात पॉइंट थ्री-नॉट-थ्री रायफल होती. दर गोळीनंतर बोल्ट उचलायचा, मागे ओढायचा, पुढे ढकलून खाली दाबायचा. मॅगझिनमध्ये दहा गोळ्या. स्वयंचलित बंदुकांसमोर त्या हालचालीला लागणारा वेळ म्हणजेच त्या युद्धाची शोकांतिका. ‘होके मजबूर मुझे’ रफी, तलत, मन्ना डे आणि भूपिंदर या चौघांच्या आवाजात आहे, आणि घरच्या आठवणीत बसलेल्या जवानांच्या गाण्याचा साचा तिथे पक्का झाला. ‘बॉर्डर’मधलं ‘संदेसे आते हैं’ ही त्याचीच पुढची पिढी.

‘बॉर्डर’ (१९९७) राजस्थानातल्या लोंगेवालाच्या लढाईवर आहे. ४-५ डिसेंबर १९७१च्या रात्री २३ पंजाब या पलटणीची सुमारे १२० जणांची कंपनी, समोर रणगाडे, आणि हवाई दलाच्या हंटर विमानांना रात्री लढता येत नसल्याने उजाडेपर्यंत तग धरणं भाग. इथे उसनवारी सोयीची ठरते. पाकिस्तानचा टी-५९ म्हणजे सोव्हिएत टी-५४ची चिनी आवृत्ती आणि आपल्याकडे त्याचाच भाऊ टी-५५, त्यामुळे तो शत्रूचा म्हणून सहज खपतो. खटकतं ते दुसरंच. प्रत्यक्षात त्या चौकीवर आपले दोन जवान कामी आले. सिनेमात मरणाऱ्यांची रांग लागते. खरी लढाई वाट पाहण्याची होती. काटेरी तार दिसताच सुरुंगांच्या शंकेने पाकिस्तानी रणगाडे थबकले, आणि त्या थांबण्यात त्यांची रात्र गेली. पडद्यावर या शंकेला जास्त जागा मिळायला हवी होती.

नागपूरजवळ कामठीला ब्रिगेड ऑफ द गार्ड्स या सैन्याच्या रेजिमेंटचं केंद्र असल्याने नागपूरच्या थिएटरात वर्दीतलं घर असलेला प्रेक्षक कुठेतरी बसलेला असतोच, आणि चूक तो आधी पकडतो. डोक्यावर टोपी नसताना ठोकलेला सॅल्यूट ही सगळ्यात नेहमीची. आपल्या सैन्यात तेव्हा नुसतं सावधान होतात. दुसरी रायफलच्या धक्क्याची. चित्रीकरणात वापरतात त्या ब्लँक काडतुसात गोळी नसते, त्यामुळे नळीत पुरेसा दाब तयार होत नाही. परिणाम दोन: खांद्याला धक्का बसत नाही, आणि स्वयंचलित रायफल पुढचं काडतूस चढवत नाही. म्हणून नळीच्या तोंडाशी अडथळा बसवावा लागतो. धक्का मात्र नटालाच करून दाखवावा लागतो, आणि बहुतेक जण विसरतात.

आवाजाची चूक त्याहून सार्वत्रिक आहे. एसएलआर या आपल्या सैन्याच्या जुन्या रायफलची गोळी सेकंदाला आठशेहून अधिक मीटर वेगाने सुटते, आवाज सेकंदाला सुमारे ३४०. पाचशे मीटरवरून गोळी आली तर आधी कानाशेजारी चाबकासारखा ‘फट्’ होतो आणि जवळपास पाऊण सेकंदाने दुरून बंदुकीचा ‘धप्’ ऐकू येतो. या दोन आवाजांतल्या अंतरावरून मुरलेला जवान शत्रू किती लांब आहे याचा अंदाज घेतो. पडद्यावर दोन्ही एकदमच वाजतात आणि हा सगळा तणाव वाया जातो. स्फोटांचंही तसंच. नारिंगी आगीचा लोळ पेट्रोलचा असतो. तोफगोळा फुटतो तेव्हा क्षणभर चमक आणि मग माती-धुराचा करडा फवारा.

‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’ने (१९९८) डोळ्याची सवय बदलली. कॅमेऱ्यातला शटर फिरतो आणि त्याच्या उघड्या भागाच्या अंशांवर प्रकाश किती वेळ आत येतो ते ठरतं. सेकंदाला २४ चौकटी आणि १८० अंशांचा शटर म्हणजे दर चौकट १/४८ सेकंद उघडी. छायालेखक यानुश कामिन्स्कीने शटर ९० आणि ४५ अंशांवर आणला, म्हणजे १/९६ आणि १/१९२ सेकंद. पुसटपणा गेला, उडालेल्या वाळूचा कण न् कण वेगळा दिसू लागला. नक्कल सगळ्यांनी केली, हिशेब थोड्यांनीच. ४५ अंशांवर चौपट प्रकाश लागतो. आणि आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर साध्या ट्यूबलाइटखाली हा शटर लावला की चित्र लुकलुकतं, तिथे १७२.८ अंशच (म्हणजे १/५० सेकंद) बरे. उन्हातल्या लढाईला शोभणारी युक्ती तंबूतल्या बैठकीला लावली की नुसतं डोकं दुखतं.

मराठीने पैशाची आणि सैन्याची अडचण काळोखाने सोडवली. बाबूराव पेंटरांच्या ‘सिंहगड’मध्ये (१९२३) रात्रीच्या प्रसंगांसाठी कृत्रिम प्रकाश वापरला गेला, तो भारतात पहिल्यांदा. अलीकडच्या ‘फत्तेशिकस्त’मधला (२०१९) लाल महाल असो की ‘पावनखिंड’मधली (२०२२) अरुंद वाट, गनिमी काव्याची निवड इतिहासाला धरून आहेच, पण ती खर्चालाही धरून आहे. अंधारात आणि खिंडीत पन्नास माणसं पाचशे वाटतात.

हा हिशेब नागपूरच्या सीताबर्डीच्या लढाईला लागू पडत नाही. २६ नोव्हेंबर १८१७च्या संध्याकाळी सुरू होऊन दुसऱ्या दिवशी दुपारी संपलेली ही लढाई उघड्यावरची. एका बाजूला आप्पासाहेब भोसल्यांची फौज आणि तिच्यातले अरब, दुसऱ्या बाजूला दोन टेकड्यांवर ईस्ट इंडिया कंपनीचं दीड हजाराच्या आसपास सैन्य. अरबांनी लहान टेकडी घेतली, तिथली तोफ मोठ्या टेकडीकडे वळवली. मग कंपनीच्या कॅप्टन फिट्झगेराल्डच्या घोडदळाचा हल्ला, लहान टेकडीवर दारूगोळ्याचा स्फोट आणि डाव उलटला. पटकथा जवळजवळ तयार आहे. अडतं ते धुरावर. तेव्हाची काळी दारू पांढरा दाट धूर सोडायची, चार-पाच बारांत समोरची टेकडी दिसेनाशी व्हायची. आजच्या ब्लँकचा धूर क्षणात विरतो, म्हणजे धूर यंत्राने सोडायचा आणि वारा फिरला की शॉट पुन्हा घ्यायचा. खुद्द सीताबर्डीचा किल्ला सैन्याच्या ताब्यात, लोकांसाठी वर्षातून मोजकेच दिवस उघडा, आणि पायथ्याशी रेल्वे स्टेशन. चित्रीकरण करायचं तर दोन उघड्या टेकड्या शहराबाहेर शोधाव्या लागतील, आणि घोडे पुन्हा उसनेच आणावे लागतील.